पोटांत पाय असलेली पाहुणी

‘गोगलगाय नि पोटांत पाय’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती बहुधा एखाद्या दिसण्यांत गरीब पण आंतून पक्क्या अशा माणसाला उद्देशून वापरली जाते. म्हणींतल्या त्या बिचाऱ्या प्राण्याकडे पाहण्याची सवड मात्र आपणांपैकीं फारच थोड्यांना झाली असेल. ही म्हण करणाऱ्या कोणा निनांवी गृहस्थानें (किंवा गृहिणीनें, कारण असल्या म्हणी ओटीपेक्षां माजघरांतच अधिक जन्माला येतात) जें पाहिलें, तेंच अठराव्या शतकाच्या अखेरीस क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानेंहि पाहिलें. त्यानें या सबंध वर्गाला जें ग्रीक नांव दिलें त्याचा अर्थ ‘पोटपाये’ असाच होतो. मराठी परिभाषेंत त्यांस उदरपाद म्हणतात. आमच्या म्हणीला दुटप्पीपणाचा थोडा वास आहे, शास्त्रीय नांवाला तो नाहीं, एवढाच काय तो फरक.

ही म्हण आमच्या घरांत गेल्या पावसाळ्यापासून रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडीं असते. त्याचें असें झालें. आमचे धाकटे पुतणे श्रावणांतल्या एका रविवारीं मित्रांबरोबर येळगांवच्या बाजूस फिरावयास गेले होते. बुलढाणें शहरास पाणी पुरविणारें पैनगंगेवरचें धरण तेथें आहे. वाटेंत एका शेततळ्यांत ते गुडघाभर पाण्यांत उतरले, आणि परत येतांना डब्यांत पोळीभाजीच्या ऐवजीं एक पाणवनस्पतीची दोरी व तिला चिकटलेल्या सात गोगलगाई घेऊन आले. संध्याकाळीं त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांवर व मनगटांवर बारीक लाल पुरळ उठून भयंकर खाज सुटली. मातोश्रींनीं तत्काळ निकाल दिला कीं, ही खाज त्या किड्यांची, आणि ब्राह्मणाच्या घरांत असले प्राणी आणून ठेवावयाचे नाहींत. मीं पुतण्याची बाजू घेतली. मातोश्री निम्म्या बरोबर होत्या हें आम्हांस पुष्कळ पुढें कळलें. तें त्या ठिकाणीं सांगेन.

त्या दिवशीं मात्र मीं त्यांना देवघरांत नेलें. म्हटलें, “आई, हा शंख कोणाचा?” त्या म्हणाल्या, “देवाचा.” शंख देवाचा खराच, पण तो ज्यानें घडविला तो प्राणी समुद्रांतली एक मोठी गोगलगाय. आपल्या पूजेंतला शंख दक्षिणेकडील समुद्रांत तळाशीं वाळूंत राहणाऱ्या ज्या प्राण्याचें घर, तोहि उदरपादच. आणि शेजारचा शाळिग्राम? गंडकीच्या पात्रांतून येणारा तो काळा गोटा म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या समुद्रांतल्या एका नामशेष मृदुकाय प्राण्याचा अश्म झालेला सांगाडा. त्याचें चक्र तें त्याच्या घराचें वेटोळें. गोगलगाईच्या भाऊबंदांपैकीं दोघे आमच्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेव्हां तिसरी बैठकींत येऊन बसली तर बाट कसला? मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन लोणच्याची एक जुनी मोठी कांचेची बरणी काढून दिली. आमच्या कांचपेटीचा आरंभ तो असा.

आमची अशी समजूत होती कीं कांचपेटी ही माशांसाठीं असते व गोगलगाय ही तींत चुकून शिरते. वाचूं लागल्यावर निराळेंच दिसलें. लंडन येथें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें एका मोठ्या कांचपात्रांत दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेवली. मासे जी हवा दूषित करतील ती वनस्पति शुद्ध करील असा त्याचा हिशेब होता, व तो थोडे दिवस बरोबरहि ठरला. पण पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, कांचेवर हिरवा बुळबुळीत थर धरला, आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें पांचसहा गोगलगाई आंत सोडल्या. त्यांनीं कुजकी पानें व तो थर खाऊन पाणी निवळ केलें, आणि वर त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून मिळालीं. मासे, वनस्पति व गोगलगाय हें त्रिकूट जमल्याशिवाय घरांतलें तळें टिकत नाहीं, हें तेव्हांपासून लोकांच्या ध्यानांत आलें. चार वर्षांनीं, १८५४ सालीं, गॉस या लेखकाचें या विषयावरील पुस्तक निघालें आणि इंग्लंडांत घरोघर कांचपेट्या ठेवण्याचें वेडच पसरलें.

वॉरिंग्टनची गोगलगाय व पुतण्यानें आणलेल्या सातांपैकीं चार या एकाच कुळांतल्या, लिम्निया नांवाच्या. कवच पातळ, पिंगट, टोंकाला निमुळतें. हिला कल्ले नाहींत, फुप्फुस आहे. म्हणून ती मधून मधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते. पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला खालून पाय टेकून ती उलटी चालत जाते, तें पाहण्यासाठीं आमच्या घरचीं मुलें जेवणें टाकून उठलीं आहेत. हिचे डोळे शिंगांच्या बुडाशीं असतात. बागेंतल्या गोगलगाईचे ते शिंगांच्या टोंकांवर असतात. कांचेवर चरत असतां तोंड उघडतें व मिटतें, आणि आंतली जीभ दिसते. ही जीभ म्हणजे एक किसणीच. तिच्यावर ओळीनें बारीक दांत असून पुढचे झिजले कीं मागचे पुढें सरकतात.

उरलेल्या तिघींपैकीं दोघी अंमळ थोर व गोल होत्या. हिरवट तपकिरी कवचावर गडद पट्टे, आणि दाराला झांकण. जरा धक्का लागला कीं आंत शिरून दार लावून घ्यावयाचें. हिला बेलामिया म्हणतात. ही कल्ल्यांनीं श्वास घेते, हिच्यांत नर व मादी वेगळे असतात, आणि ही अंडीं घालीत नाहीं. कवचासकट तयार झालेलीं पिलेंच हिच्या पोटांतून बाहेर येतात. नराचें उजवें शिंग आंखूड व जाड असतें, यावरून तो ओळखावा. सातवी चपटी, वेटोळें करून ठेवलेल्या दोरीसारखी होती. हिच्या रक्तांत आपल्यासारखें लाल रंगाचें द्रव्य असतें, आणि कवच पातळ असलें तर तो लाल रंग बाहेरून दिसतो.

बरणी लवकरच अपुरी पडली व आम्हीं बाजारांतून कांचपेटी आणली. तींत लावण्यासाठीं जी वनस्पति विकत घेतली तिच्याबरोबर आठवी गोगलगाय फुकट आली. ती दिसावयास लिम्नियाची धाकटी बहीण, पण पुतण्यानें एके दिवशीं ओरडून सांगितलें कीं हिचें दार डावीकडे आहे! कवचाचें टोंक वर व तोंड आपल्याकडे करून धरावें. बहुतेक साऱ्या गोगलगाईंचें तोंड आपल्या उजव्या हाताला येतें. हिचें डाव्या हाताला येत होतें. ही फायसा. मूळची उत्तर अमेरिकेंतली, आणि शोभेच्या पाणवनस्पतींबरोबर जगभर पसरलेली.

येथें देवघराची गोष्ट पुन्हां निघाली. पूजेंत ज्या दुर्मिळ शंखाला दक्षिणावर्ती म्हणून एवढें मोल आहे, तो प्राणिशास्त्राच्या भाषेंत वामावर्ती ठरतो. कारण आपण शंख धरतों तो टोंक खालीं करून आणि शास्त्रज्ञ धरतात तें टोंक वर करून. शंख तोच, धरण्याची रीत निराळी. त्याच्या जातींत तसा डावा शंख क्वचित् जन्मतो. फायसाच्या घराण्यांत मात्र सगळेच डावे. आणि हें घराणें आपल्याकडे अगदींच उपरें आहे असेंहि नाहीं. सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या दख्खनचा काळा दगड लाव्हारसाच्या रूपानें थरावर थर पसरत होता. दोन थरांच्या मधल्या काळांत तळीं साचत, त्यांत गोगलगाई नांदत, आणि पुन्हां लाव्हा येऊन त्यांना गाडून टाकी. नागपुरास राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं टाकळी वगैरे ठिकाणीं अशा थरांतले शंख गोळा करून १८६० सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या थरांतला सर्वांत प्रसिद्ध शंख, प्रिन्सेप साहेबाचें नांव दिलेला, डावाच आहे. आमच्या पायाखालच्या फरशीच्या दगडाच्या वयाची ती गोगलगाय! मातोश्रींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “मग तिला बाजारच्या पुडींतून आली म्हणून हिणवूं नका.”

आश्विनांत अनर्थ झाला. घरांत पाहुणे येणार म्हणून थोरल्या वहिनींनीं सारें घर धुतलें पुसलें, आणि कांचपेटीचें पाणीहि जुनें झालें असें वाटून तें सगळें बदललें. नळाचें पाणी घालूं नये, त्यांत जंतुनाशक क्लोरिन असतो, तें निदान एक रात्र उघडें ठेवावें, हें मीं घरांत शंभरदां सांगितलें होतें. वहिनींना तें बरोबर आठवलें. म्हणून त्यांनीं रात्रभर ठेवलेलें, उत्तमोत्तम, पिण्याचें पाणी घातलें. चिंचेनें लखलखीत घांसलेल्या तांब्याच्या हंड्यांतलें.

सकाळीं आठांपैकीं सहा गोगलगाई तळाशीं पडल्या होत्या. अंग कवचाबाहेर लोंबलेलें, स्पर्श केला तरी आंत ओढून घेण्याची शक्ति नाहीं. दोन्ही बेलामियांनीं दारें घट्ट लावून घेतलीं होतीं. दुपारपर्यंत त्या सहा गेल्या. पुतण्या दोन दिवस धड जेवला नाहीं. कोणी म्हणे हवा बदलली, कोणी म्हणे दृष्ट लागली. वहिनींना तर कल्पनाहि नव्हती; तांब्याच्या भांड्यांतलें पाणी आरोग्याला चांगलें, हें त्यांनीं माहेरीं व सासरीं जन्मभर ऐकलेलें. मलाहि उलगडा झाला तो आठ दिवसांनीं, मोरचूद शेततळ्यांत गोगलगाई मारण्यासाठीं वापरतात हें वाचलें तेव्हां. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार! माणसाच्या अंगाला जें तांबें सहज सोसतें, त्याच्या अत्यल्प अंशानें गोगलगाय मरते. हंड्याच्या आंतून रात्रभरांत पाण्यांत उतरणारें तांबें आम्हांस चवीलाहि कळत नाहीं, पण तिला तें पुरेसें होतें. मीं हें वहिनींना सांगावें कीं न सांगावें, या विचारांत चार दिवस घालविले. शेवटीं सांगितलें. त्या एवढेंच म्हणाल्या, “मला आधीं विचारलें असतें तर मीं माठांतलें घातलें असतें.” चूक कोणाची, याचा निर्णय वाचकांनींच करावा. तेव्हांपासून पेटीशेजारीं मातीचा एक माठ खास ठेवला असून पाणी एका वेळीं चौथाईपेक्षां अधिक बदलावयाचें नाहीं असा घरचा कायदा आहे.

पाण्याविषयीं बोलावयाचें तर आमच्या जिल्ह्याइतकें विचित्र पाणी थोड्या ठिकाणीं असेल. घाटावर, म्हणजे बुलढाणें, चिखली, मेहकर या बाजूस, काळ्या दगडांतल्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. जड पाण्यानें डाळ शिजत नाहीं म्हणून बायका कुरकुरतात. गोगलगाईला मात्र तेंच हवें असतें, कारण कवच चुन्याचें आणि तो चुना तिला पाण्यांतून व अन्नांतून मिळवावा लागतो. पाणी मऊ किंवा किंचित् आंबट झालें कीं कवचाचें टोंक पांढरें पडून झिजूं लागतें. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर या भागांत खारपाण पट्टा आहे. तेथील पुष्कळ विहिरींचें पाणी इतकें खारें कीं माणसांनाच पिण्याची पंचाईत, आणि मूत्रपिंडाच्या विकारांनीं तेथील कित्येक घरें गांजलेलीं. त्या पाण्यांत या जाती जगवण्याच्या फंदांत पडूं नये. तिकडच्या आमच्या एका आप्तांनीं पावसाचें साठवलेलें पाणी वापरलें, पण त्यांत चुना नसल्यामुळें कवचें विरूं लागलीं. त्यांना मीं काष्ठौषधींच्या दुकानांतून समुद्रफेस आणून त्याचा एक तुकडा पेटींत टाकण्यास सांगितलें. हा समुद्रफेस म्हणजे फेस नव्हे. तोहि एका समुद्रांतल्या मृदुकाय प्राण्याच्या पाठींतला चुन्याचा फळकुटा. अंड्याचीं टरफलेंहि चालतात असें पुस्तकांत असतें, पण तो उपाय आमच्या वाचकांच्या घरीं सुचविण्याचें धाडस मी करीत नाहीं.

आणि तिसरें पाणी लोणारचें. उल्का पडून झालेल्या त्या सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद विवराच्या तळाशीं जें सरोवर आहे तें खारें तर खरेंच, पण त्याहून अधिक क्षारट, सोडा कालवल्यासारखें. २०२० च्या जून महिन्यांत तें एकाएकीं गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संस्थेनें तपासून तो रंग खारें पाणी आवडणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याला रामसर यादींत स्थान मिळालें. विवराच्या कांठावर मात्र धारेचें गोडें पाणी अखंड वाहतें. ‘त्या पाण्याची एक बाटली आणून एक गोगलगाय टाकून पाहूं’ हा पुतण्याचा बेत मीं मोडून काढला. तें अभयारण्य आहे हें एक, आणि आमच्या उरलेल्या दोन गोगलगाईंनीं पुरेसें सोसलें होतें हें दुसरें.

पुतण्याला पुन्हां शेततळ्यावर जावयाचें होतें. निघण्याच्या आदल्या दिवशीं आमचे एक स्नेही घरीं आले. ते पशुवैद्य आहेत. पेटी पाहून त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “तळ्यांत म्हशी बसत होत्या का? आणि याच्या अंगाला खाज सुटली होती का?” आम्ही थक्क झालों. मग त्यांनीं जें सांगितलें तें प्रत्येक घरांत माहीत असावें.

गुरांच्या यकृतांत चपटे कृमि होतात. त्यांचीं अंडीं शेणावाटे पाण्यांत जातात, त्यांतून निघालेला सूक्ष्म जीव लिम्नियासारख्या गोगलगाईच्या अंगांत शिरतो, तेथें त्याचे शेंकडों होतात, आणि ते बाहेर पडून कांठच्या गवतावर चिकटून बसतात. तें गवत खाऊन गाय खंगते, दूध आटतें. त्या चपट्या गोगलगाईंतून वाढणारे दुसरे कृमि गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांतल्या एका जातीनें बैल नाकांतून घुरघुरूं लागतो. हे दुसरे कृमि गवताची वाट पाहात नाहींत. पाण्यांत उभ्या असलेल्या प्राण्याची कातडी भेदूनच आंत जातात. माणूस पाण्यांत असला तर त्याच्याहि कातडींत शिरतात. हे गुरांचे कृमि माणसांत पुढें वाढूं शकत नाहींत, तेथेंच मरतात, पण मरतांना पुरळ व खाज देऊन जातात. पुतण्याच्या पोटऱ्यांचें कोडें असें उलगडलें. मातोश्री आंतून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा विजय मला न पाहतांहि दिसला.

माणसांत वाढणारा कृमि आपल्या प्रांतांत कधींच नव्हता असें मात्र समजूं नये. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागर तालुक्यांत गिमवी नांवाचें गांव आहे. तेथील लोकांना लघवीवाटे रक्त जात असे. आफ्रिकेंत व मिसर देशांत आढळणारा, हिंदुस्थानांत नाहींच असें मानलेला हा कृमिरोग येथें आहे, हें डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांनीं १९५२ सालीं दाखवून दिलें, आणि पुढें त्याचा वाहक म्हणून दगडांना चिकटून राहणाऱ्या, टोपीसारख्या कवचाच्या एका चिमुकल्या गोगलगाईकडे त्यांनीं बोट दाखविलें. मुलें ज्या ओढ्यांत आनंदानें डुंबतात त्याच ओढ्यांत आजार मिळावा, आणि तो देणारा प्राणी नखाएवढाहि नसावा, हें वाचून मी त्या रात्रीं बराच वेळ जागा होतों. हौसेपायीं घरांतलें मूल आजारी पडलें असतें तर?

“मग हा नाद सोडून द्यावा का?” मीं विचारलें. पशुवैद्य म्हणाले, “सोडूं नका. गोगलगाय आणूं नका, अंडीं आणा.” हे कृमि आईकडून अंड्यांत उतरत नाहींत. लिम्नियाचीं अंडीं पाणवनस्पतीच्या पानाखालीं जिलबीच्या पाकासारख्या पारदर्शक चिकट पट्टींत असतात. ती पट्टी पानासकट तोडावी, माठाच्या पाण्यांत दोन-तीनदां धुवावी, व स्वच्छ बरणींत वेगळी ठेवावी. तळ्यांतलें पाणी घरीं आणूं नये. काढणाऱ्यानें पाण्यांत पाय घालूं नये; आम्हीं काठीला गाळणी बांधून काम केलें. हात धुवावे हें काय सांगावयाचें! ज्यांच्या घरीं तळ्यांतली गोगलगाय आधींच आली आहे त्यांनीं ती पेल्यांत एकटी ठेवून पेला कांहीं तास उजेडांत ठेवावा. आंत बारीक शेपटीवाले ठिपके वळवळतांना दिसले तर ती ठेवूं नये. न दिसले तरी निर्धास्त होऊं नये, कारण ते रोज निघतातच असें नाहीं.

आम्हीं एकच पट्टी आणली. तींत तीस-चाळीस अंडीं होतीं. चौथ्या दिवशीं मातोश्रींनीं पोथी वाचण्याचें आपलें भिंग लावून पाहिलें आणि मोठ्यानें हांक मारली. प्रत्येक अंड्यांत एक ठिपका आपल्याभोंवतीं गरगर फिरत होता. त्या दिवसापासून भिंग पोथीपाशीं नसे, बरणीपाशीं असे. दहाव्या दिवशीं मोहरीएवढीं पिलें कांचेवर चालूं लागलीं, कवचासकट. त्यांना उकडलेल्या पालकाचें पान, दुधी किंवा काकडीची पातळ चकती देतों; संध्याकाळीं घातलेलें सकाळीं काढतों, कारण उरलेलें कुजलें तर पाणी बिघडतें. चैत्रांत ऊन वाढलें तेव्हां पेटी ओटीवरून माजघरांत नेऊन तिच्याभोंवतीं ओला पंचा गुंडाळला. घाटाखालच्या गांवांत ही काळजी अधिक घ्यावी लागेल.

आतां प्रश्न उलटा झाला आहे. लिम्निया हे उभयलिंगी प्राणी. प्रत्येकजण अंडीं घालतो. खाणें भरपूर तर अंडीं भरपूर. जास्त झालेल्या विहिरींत किंवा धरणांत सोडून देणें मुळींच बरोबर नाहीं, विशेषतः ती डावी परदेशी फायसा. आपल्या हौसेचें ओझें दुसऱ्याच्या तळ्यावर टाकूं नये, आणि गुरांच्या पाण्यांत वाहकांची भर तर नकोच. मातोश्रींना हिंसा नको. म्हणून आम्हीं खाद्य निम्मे केलें आणि दोन सोनेरी मासे आणले. कांचेवरच्या पट्ट्या ते आपण होऊन फस्त करतात. ही हिंसा नव्हे का, असें पुतण्यानें विचारलें. मातोश्री म्हणाल्या, “तो माशांचा आहार आहे. त्यांच्या घरांत आपण कशाला लक्ष घालावें?” आणि भिंग घेऊन त्या बेलामियाकडे वळल्या. तांब्याच्या पाण्यांतून वांचलेल्या त्या दोघींपैकीं एकीनें काल रात्रीं तीन पिलें दिलीं आहेत, आणि थोरल्या वहिनींनीं माठ भरून ठेवला आहे.